संध्याकाळचे दोन तास

अक्का गेल्याची चिठ्ठी बराकपूरहून सकाळच्या गाडीनं आलेल्या शिपायानं आणून दिली. मोठ्या भावजींनी चारच ओळी लिहिल्या होत्या. दोन दिवस ताप होता, आणि शेवटी, 'नंदूला इतक्यात सांगू नका.' माझा नंदू समोरच पाटीवर अक्षरं गिरवत बसला होता... त्याला सांगायला मला पाच दिवस लागले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघे भाऊ सरकारी नोकरीत, बदली होऊन कलकत्त्याला आलेले. भवानीपूरला दोन खोल्यांत आम्ही एकत्र राहत होतो. मी कॉलेजात शिकलेली. अक्कांची शाळा चौथीतच सुटली होती. त्यांना मूल नव्हतं. नंदू चालायला लागल्यापासून रोज चार वाजता त्याला बागेत न्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मला म्हणायच्या, "तू वाच गं. पोराच्या मागे धावणं तुझ्यानं व्हायचं नाही." मीही खुशाल वाचत बसायची. बंगाली मी घरात पुस्तकावरून शिकले. अक्का बागेतल्या बाकावर बसून शिकल्या, आणि माझ्या आधी बोलायला लागल्या.

नंदू तीन वर्षांचा असताना एकदा मीही बरोबर गेले. घसरगुंडीभोवती मुलांचा गलका चालला होता आणि बाकावर बायका विणत बसल्या होत्या. बंगालात बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात, आणि लहान मुलाला खोका म्हणतात. पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या बुलूच्या आईनं सरकून जागा दिली ती 'ये, खोकाची आई' असं म्हणत, आणि अक्का पदरानं फळी पुसून तिथं बसल्या, मग माझ्यासाठी शेजारचीही पुसली. मी उभीच राहिले. तेवढ्यात नंदू घसरगुंडीवरून पडला. गुडघा फुटला होता. रडत धावत आला तो माझ्या समोरून सरळ अक्कांच्या मांडीत शिरला. बुलूची आई हसून म्हणाली की लागलं की पोरगं आईलाच शोधणार.

तेव्हा मी बोलले. माझ्या पुस्तकी बंगालीत, व्याकरणाची एकही चूक न करता. "त्याची आई मी आहे. यांना मूल नाही."

बुलूच्या आईच्या सुया थांबल्या. अक्कांनी पदरानं नंदूचा गुडघा पुसला, त्याची मिठी सोडवली आणि त्याला माझ्याकडे दिलं. तो माझ्याकडे यायला तयार नव्हता... घरी येताना आम्ही ट्रामचे रूळ ओलांडले. मग अक्का म्हणाल्या, "बरं केलंस. लोकांचा गैरसमज राहायला नको. उद्यापासून तूच ने त्याला, माझे गुडघे दुखतात हल्ली." चौतिशीतल्या बाईचे गुडघे. मी काही विचारलं नाही. वर्षभरात भावजींची बदली बराकपूरला झाली आणि त्या गेल्या. सियालदह स्टेशनावरून गाडीनं जाऊन यायला एक दिवस पुरे होता. भेटून काय म्हणायचं ते मनात पुष्कळदा जुळवलं. पण सणावाराला भेटलो की बोलणं साखरेवर आणि तांदळावरच व्हायचं.

गेल्या आठवड्यात बागेत बुलूच्या आईला सांगितलं. ती पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसली. मग मी, उशिरानंच, म्हणाले की त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. तुम्हांला ठाऊक नव्हतं म्हणून बोलले. तिनं मान हलवली. ठाऊक होतं, म्हणाली. अक्कांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की मूल जावेचं आहे, ती शिकलेली आहे, घरी वाचत असते. 'खोकाची आई' म्हणायला सुरुवात बायकांनीच केली. अक्का त्यावर हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "म्हणा. संध्याकाळचे दोन तासच म्हणा. घरी त्याला आई आहे."

नंदू झोपाळ्याशी रांगेत उभा होता. आता तो पाच वर्षांचा आहे. त्याची पाळी आली तेव्हा बसण्याआधी त्यानं सदऱ्याच्या टोकानं फळी पुसली, आणि मग उतरून मागच्या लहान मुलीसाठी पुन्हा एकदा पुसली. आजवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं; मी जवळ जाऊन विचारलं, हे कोणी शिकवलं. त्याला प्रश्नच कळला नाही. झोपाळ्यावर बसायच्या आधी पुसायचं असतं, एवढंच तो म्हणाला, आणि त्या मुलीला हळूच झोका देऊ लागला.