टाकीवरचा हात

रेल्वेनं सीमेपर्यंत मोटारसायकल पाठवून नेपाळात फिरण्याची माझी ती पहिलीच वेळ. वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलं होतं, म्हणून त्याला कळवलंही नव्हतं. नांदेड स्टेशनवर गाड्या पोत्यात शिवणारा म्हातारा पेट्रोलच्या टाकीपाशी पोतं उघडंच ठेवून थांबला.

"एकदा हात लावून घ्या, साहेब."

"भाव ठरलाय ना, चाचा? मग उरका की!" मी खेकसलो.

"आमच्या इकडच्या भूकंपात मी गावात पोचलो, तवर माझ्या भावाचं मढं कापडात बांधून ठिवलं हुतं. तोंड दिसलं न्हाई. तवापासून मालकाचा हात लागल्याबिगर मी शिवत न्हाई."

मी टाकीवर हात ठेवला. त्यानं सुई ओढली.

बाहेरच्या बूथवरून मी भावाला फोन लावला. "कोण?" त्यानं विचारलं. "मी रे. नेपाळला निघालोय, म्हटलं तुझा आवाज ऐकून जावं."