जपानी शब्द मी रोज का विसरत होतो

बसा, बसा. फिल्टरमधून कॉफी उतरते आहे, तिला घाई करून चालत नाही. तोवर एक फजिती ऐका. दुसऱ्यांच्या फजित्या मी जन्मभर सांगत आलो. ही माझी स्वतःची आहे, म्हणून सांगायला एक वर्ष लागलं.

आधी हे कबूल करून टाकतो, की कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. चूक माझीच. नवा पोस्टमन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, कोपऱ्यावरचा कुत्रा तेलुगूत नमस्कार केल्याशिवाय कोणास पुढं सोडत नाही. बिचारा वर्षभर कुत्र्यापुढं हात जोडत होता! तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या दुकानात घड्या घालण्यात माझी चाळीस वर्षं गेली, तिथंही गिऱ्हाईक सोडून सगळ्यांना फसवून झालं. शिक्षण म्हणाल तर आठवी. आठवीत मास्तरच म्हणाले, आता पुरे.

तर असा मी, आणि सत्तरी उलटल्यावर जपानी शिकायला बसलो. हसू नका.

माझा मुलगा वेंकू तिकडं जपानात नोकरीला. सून तिकडचीच, मियुकी तिचं नाव. नात हाना, पाच वर्षांची. वेंकू मजशी आपली मराठी बोलतो, म्हणजे आमची हो, तुमची नव्हे. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात येऊन बसली ती परत गेलीच नाही. पुण्याकडचा माणूस ऐकतो तेव्हा तोंडावर हात ठेवतो. पण हाना फक्त जपानी बोलते. फोनवर ती मला हात हलवून दाखवायची, मी तिला हात हलवून दाखवायचो, की झालं! ती खेळायला पळायची आणि मी रिकाम्या भिंतीला थोडा वेळ हात हलवत बसायचो.

म्हणून मियुकीनं युक्ती काढली. फोनवरचे पत्ते. फ्लॅश कार्ड म्हणतात त्याला. पत्त्यावर एक शब्द येतो. तो उलटला की अर्थ दिसतो, वेंकूनं मराठीत लिहिलेला, आणि खाली त्या शब्दाचं एक वाक्य. वाक्यावर बोट ठेवलं की ते ऐकू येतं. आणि बोलणारी कोण? हाना!

खाली दोन बटणं. ‘आलं’ आणि ‘नाही आलं’. शब्द आला म्हटलं की तो पत्ता चार दिवस दिसत नाही. पुन्हा आला म्हटलं की पंधरा दिवस. मग महिना, मग चार महिने. नाही आला म्हटलं, की पाच मिनिटांत परत हजर.

पहिले दोन-तीन महिने मी शहाण्यासारखा अभ्यास केला. ‘नेको’ म्हणजे मांजर. वाक्य होतं, मांजर खिडकीत झोपलं आहे. ते म्हणता म्हणता हाना शेवटी फिस्सकन हसते. मांजरानं काही केलं असणार. मी ‘आलं’ दाबलं आणि ते हसू पंधरा दिवसांसाठी गेलं.

घरात सुंदरा, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. गल्लीत एके काळी आपली अकरा घरं होती. आता बाहेर पडलो की तमिळ, आणि घरात मराठी बोलायला मी आणि देव्हाऱ्यातला विठोबा. तो ऐकून घेतो, पण स्वतः काही विचारत नाही. पत्त्यातली हाना मात्र विचारायची! ‘कुत्सु’ म्हणजे बूट, त्याचं वाक्य होतं, माझे बूट कुठे आहेत? रागानं विचारायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचो, “दारामागं बघ ग!”

असा पत्ता चार महिन्यांसाठी हाकलून द्यायचा? केवळ मला तो येतो म्हणून?

मी ‘नाही आलं’ दाबलं. पाच मिनिटांत बूट परत हरवले. मग मांजराच्या वेळीही तेच केलं. एका वाक्यात तिला जांभई आली होती, तेही मी ‘विसरलो’. एकात मागून आई चूक सुधारते आणि ही वैतागते, ते तर मी दिवसातून दहादा विसरायचो. पुढं पुढं एकही शब्द मला येईनासा झाला. सगळं घर तिच्या बोलण्यानं भरलेलं. दुपारचा ताकभातसुद्धा मी पत्ते समोर ठेवून खात असे.

आता मला काय ठाऊक, की पत्ते बनवणाऱ्याला रोजचा निकाल दिसतो? वेंकूनं सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नसणार.

तिकडं मियुकी रोज निकाल बघत होती. आधी हिरवं हिरवं, मग हळूहळू लाल, आणि शेवटी सगळं लालभडक. महिन्यांपूर्वी पाठ झालेलं मांजरसुद्धा गेलं! तिच्या आजोबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. आधी लहान लहान शब्द गेले, मग माणसं. तिनं वेंकूला सांगितलं.

वेंकूचा फोन आला. आवाज जरा विचित्र. सकाळी काय खाल्लं, म्हणून विचारलं. असा प्रश्न तो कधी विचारत नाही. मला गंमत सुचली. मी म्हणालो, “खाल्लं? मी? तूच सांग रे, काय खाल्लं मी?”

पलीकडून त्यानं फोनच ठेवून दिला. मला वाटलं, काय टोला बसला!

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या राजेश्वरी मामी दिवसातून तीनदा येऊ लागल्या. गॅस बंद आहे का बघायच्या, नळ बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, मला ओळखलंत ना? असा प्रश्न विचारल्यावर कोण सोडेल हो? मी म्हणालो, “न ओळखायला काय झालं, वीज मोजायला येता ना तुम्ही?” मामी ताडकन् उठल्या आणि गेल्या. थेट वेंकूला फोन.

मग मामी आणि त्यांचे यजमान मला रिक्षात घालून डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर तरुण, गोरागोमटा, फार गोड बोलणारा. तो म्हणाला, आजोबा, तीन वस्तू सांगतो, लक्षात ठेवा. किल्ली, मांजर, पाणी. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, कोणत्या तीन वस्तू?

आता तुम्हीच सांगा, असा योग आयुष्यात किती वेळा येतो? तिन्ही शब्दांचे पत्ते मजपाशी! मी छाती फुगवून म्हणालो, “कागी, नेको, मिझु.”

डॉक्टरनं पेन उचललं.

पुन्हा एकदा सावकाश विचारलं. मी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, “कागी! नेको! मिझु!” मामींनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरनं पान उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होतो.

त्याच संध्याकाळी वेंकूचा फोन आला.

“अप्पा, मियुकीला तुमच्या पत्त्यांचा निकाल रोज दिसतो, सगळा लाल आहे. आम्ही येतो. तिघंही येतो. तुम्ही ओळखताय तोवर हानानं तुम्हांस बघायला पाहिजे.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल काय, मामी काय, डॉक्टर काय, सगळी माळ एका दोऱ्यात आली. एक वाक्य बोलायचं होतं, अरे वेंकू, मला सगळे शब्द येतात. तेवढं बोललो असतो तर प्रकरण मिटलं असतं.

पण प्रकरण मिटलं की येणंही मिटलं. ती पोर जन्मल्यापासून मी तिला हात लावला नव्हता.

मी म्हणालो, “या.”

हो, लबाडी! तिला दुसरं नाव नाही. आणि एवढ्यावर थांबलो असंही नाही. मध्ये तीन आठवडे होते. त्यांचा बेत रहित होऊ नये म्हणून मी रोज न चुकता सगळे शब्द विसरत राहिलो.

ते आले. स्टेशनवर वेंकूनं मला असं धरलं, जसं मी काचेचा आहे. हाना आईच्या मागं लपून माझ्या कानातल्या केसांकडं बघत होती. दोन दिवस वेंकू माझ्या मागं मागं. मी न्हाणीघरात गेलो तरी दाराबाहेर उभा. रात्रभर त्याला झोप नाही हे मला दिसत होतं. केस केवढे पिकले होते त्याचे!

तिसऱ्या सकाळी बाहेरच्या ओट्यावर तो एकटा सापडला, तेव्हा मी सगळं ओकून टाकलं. बूट, मांजर, जांभई, डॉक्टर, सगळं.

त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही. मी पत्ते काढून एका दमात सगळे शब्द म्हणून दाखवले. तो ऐकत राहिला. रागावेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, “अप्पा, नुसतं या म्हणाला असतात तर?”

“म्हणतच होतो की रे. तू बघतो म्हणायचास.”

तो उठला. आत जाऊन मियुकीला सांगितलं. ती ओठांवर बोटं ठेवून ऐकत होती, मग पाठमोरी झाली आणि उगाच भांडी विसळू लागली.

मग वेंकू हानाला हाताला धरून बाहेर घेऊन आला. मामीही कुंपणापाशी येऊन उभ्या. त्यांनाही कळलं होतं. वेंकू म्हणाला, “घ्या. सगळे शब्द येतात ना? बोला आता हिच्याशी.”

हाना माझ्या अगदी गुडघ्याला येऊन टेकली. वर बघून तिनं मला काहीतरी विचारलं. सोपं होतं. आजोबा आणि मांजर, दोन्ही शब्द मला नक्की ऐकू आले. ती वाट बघत होती.

मी तोंड उघडलं.

तुम्हांस देवाशपथ सांगतो, एक शब्द आला नाही! सगळं कोरं. सहा-सात महिन्यांचा अभ्यास, आणि मी त्या पोरीपुढं माशासारखा नुसतं तोंड उघडतो आणि मिटतो आहे.

वेंकू हसायला लागला. म्हणाला, “अप्पा, पुरे करा आता सोंग!” मामी हसल्या, आतून मियुकी हसली, आणि सगळे हसतात म्हणून हानाही हसली.

साठ वर्षं मी लोकांना फसवतो आहे. एकदाच खरोखर विसरलो, तर एकाचाही विश्वास नाही. मग काय करणार? डोळा मारला, हात जोडले, आणि सोंग केल्याचं सोंग केलं.