पाच घरांची एक पाटवडी

आमच्या घराण्यात पाटवडीच्या पाच कृती होत्या. एका दुपारी मी त्यांची एकच केली.

पिपरी मेघेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून घराण्याचा विकीही माझ्याच गळ्यात. विकी म्हणजे घरातल्या कुणीही उघडावं, लिहावं आणि दुसऱ्याचं खोडावं अशी संगणकावरची जागा. (खोडण्याची सोय आमच्या नातेवाइकांना विशेष आवडली.) पाच घरांना मी पाच कप्पे दिले, आणि प्रत्येक घरानं आपल्या कप्प्यात एक पान उघडून त्याला नाव दिलं : पाटवडी. 'काकूची पाटवडी' असं लिही म्हटलं, तर पवनारची काकू म्हणाली, "काऊन? पाटवडी म्हंजे माहीच. बाकीच्यायची येगळी असन, तर त्यायनं आपलं नाव लिहावं." बाकीच्या चार घरांचंही हुबेहूब हेच मत होतं.

आमच्या कप्प्यातलं पान आईचं. ती ओट्याशी उभी राहून बोलायची, मी बाजूला बसून तिचं बोलणं जसंच्या तसं टाइप करायचो. आता आई नाही. तिचा आवाज उरला तो त्या पानात. तिच्या तिथीला सगळे आमच्याकडे जमतात आणि त्या पानावरूनच पाटवडी होते.

यंदा तिथीच्या तोंडावर विकी म्हातारा झाला. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन, कप धुऊन, दुसरा चहा ठेवता यायचा. नवी आवृत्ती घ्यायची तर पूर्वी पानन् पान हातानं हलवावं लागे. आता त्यासाठी एक साधन आलंय, ते अख्खा संसार उचलून नव्या घरात मांडून देतं.

"पाच मिनिटांचं काम," मी बायकोला, म्हणजे कुंदाला सांगितलं.

"फ्रिजचंही पाचच मिनिटाचं होतं," ती म्हणाली. "तवापासून माठातलं पानी पिऊन राह्यलो आपण."

साधन मोठं सभ्य. प्रत्येक गोष्ट विचारून करायचं. आधी चाचणी घेऊ का? छे! पानांचा जुना इतिहास, म्हणजे आधी कुणी काय लिहिलं होतं ते, सोबत आणू का? कशाला तो पसारा. एकाच नावाची पाच पानं दिसताहेत, एकत्र करू का? इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. जे घराणं कुठल्याच लग्नात एका फोटोत उभं राहिलं नाही, ते एका बटणानं एक होत होतं. दाबलं! मग जुना संगणक पुसून कोरा केला. (मी नीटनेटका माणूस आहे.)

तिथीच्या सकाळी कुंदा मोबाइल समोर ठेवून ओट्याशी उभी राहिली. साधनानं काम चोख केलं होतं. पहिल्या पायरीखाली पाचही घरांच्या पहिल्या पायऱ्या, दुसरीखाली पाचही दुसऱ्या.

"आवो, हे घडीघडी तिखट टाकाले सांगून राह्यलं."

"आईचं पान आहे. लिहिलंय तसं कर," मी बैठकीतून हुकूम सोडला.

तिनं केलं. वड्यांच्या रश्श्याचा रंग पाहून शेजारच्या मांजरानं मोहल्ला बदलला. पहिला घास दादानं घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आंजीला शेती करतो, हिरव्या मिरच्या शेंगदाण्यासारख्या खातो. तो उठला, अंगणातल्या नळाखाली डोकं धरलं आणि तिथूनच म्हणाला, "मन्या, माय आपल्यावर रागावून गेलती का बे?"

कुणी हसलं नाही. मोबाइल हातोहात फिरला आणि माझा पराक्रम उघडा पडला.

"मागचं पान आणता येते ना?" कुंदानं विचारलं.

इतिहास मी आणला नव्हता. जुना संगणक कोरा होता. दादाचे डोळे लाल झाले. ते तिखटानं, असं तो अजून सांगतो.

शेवटी काकूनं ताट सारलं. "वाच एकेक ओळ."

मी वाचलं, "'बेसन भाजतानी कोनासंगं बोलाचं नाई.'"

"हे माही. पुढं."

"'सांबार बारीक चिरजो, तुह्या बापाच्या दातात अडकते.'" (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.)

दादा ओल्या डोक्यानं दारात उभा होता. "माय," तो म्हणाला.

"'तिखट टाक. अजून थोडं. आता बस, पोरं खातीन.'"

"माय," या वेळी कुंदा म्हणाली.

ओळ वाचली की तिचं माणूस ओळखू येत होतं. ताटं तशीच राहिली. काकू मधेच म्हणायची, "हे वाक्य लय चांगलं हाय, माहंच असन," आणि दादा तिच्याकडून ते आईसाठी सोडवून आणायचा. ऊन उतरेपर्यंत आईचं पान उभं राहिलं. इतका वेळ ती स्वयंपाकघरातून बोलत होती असं वाटलं.

एकच ओळ उरली, तीही पाच वेळा आलेली. 'उपरोक्त मिश्रण योग्य घट्टपणा प्राप्त होईपर्यंत सातत्याने ढवळावे.'

"हे कोनाचं?" काकूनं सगळ्यांकडे पाहिलं. "आपल्यात असं कोनी बोलत नाई बाप्पा."

"मशीननं घातलं असन," दादा म्हणाला. "काढ ते."

मी निमूटपणे खोडलं. कृती कशी लिहावी, याचा नमुना म्हणून ती ओळ पाचही पानांवर मीच टाकली होती.