धुतलेली लोकर

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घरच्या लोकरीचा भारी अभिमान. कातरणीच्या आधी एकेक मेंढी ओढ्यात धरून चोळून धुणार. काळी लोकर वेगळी, पांढरी वेगळी. पूर्वी घोंगड्या विणणारा दारात येऊन लोकर न्यायचा, रोख पैसे द्यायचा, वर यांचं कौतुक करून जायचा. तो यायचा बंद झाला. घोंगडी घेतंय कोण आता? बाजारात मऊ ब्लँकेटांचे ढीग पडलेत. घरात पोत्यांची थप्पी लागली तसा माझा नवरा म्हणाला, "टाका की उकिरड्यावर." त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत.

शेवटी मामा, म्हणजे माझे सासरे, मला सोबत घेऊन घनसावंगीला, लोकरीच्या व्यापाऱ्याकडं निघाले. जीपमध्ये पोती पायाशी ठेवली तर शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आपली बाहेर बघत बसले, जशी काही ती पोती आमची नव्हतीच.

व्यापाऱ्यानं पोत्यात हातसुद्धा घातला नाही.

"बाबा, ही खरबरीत लोकर कुणी घेत न्हाई. पुढं पाठवायचा खर्चच जास्ती."

"धुतलेली हाय हो. बघा तरी," मामा म्हणाले.

"धुतली म्हणून काय झालं? फुकट ठेवायची तर ठेवून जा."

मामांनी पोती तिथंच ठेवली. परत नेऊन आत्याबाईंना काय तोंड दाखवणार?

स्टँडवर चहा पिताना त्यांनी बंडीच्या खिशातून चष्म्यासाठी साठवलेले पैसे काढले. "घरी सांगायचं, लोकर इकली. बराबर?" मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते मी?

आत्याबाईंनी ते पैसे कपाळाला लावून देवापुढं ठेवले. मग माझ्या नवऱ्याला असं झापलं, की बिचारा गुपचूप बाहेर जाऊन बसला. "उकिरड्यावर टाका म्हणं! माझी लोकर बिलकुल वाया जायाची न्हाई." मामा हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की अजून शरमेनं अंग आक्रसतं.

परवा पुन्हा कातरणी आली. आत्याबाईंचे गुडघे सुजलेले. गार पाण्यात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. पण ऐकतंय कोण! "औंदा आणखी चांगली धुते," म्हणत त्या ओढ्यात उतरल्यासुद्धा. मामा काठावर मेंढ्या आवरत उभे होते. त्यांना माझ्याकडं बघवेना.

"मामा, सांगा ना आता," मी हळूच म्हणाले.

"माझी जीभ रेटत न्हाई बाई. तूच सांग."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाण्यातून हाक आली. "अगं, उभी काय राह्यलीस? ये की जल्दी! आपल्या लोकरीला गिऱ्हाईक हाय आता."

मी पदर खोचला, पाण्यात उतरले आणि खाली मान घालून मेंढी धरली.