पावसाळी वर्षाची वाइन

कावासाकीहून मी दर हिवाळ्यात यामानाशीच्या डोंगरात एका आजोबांकडे वाइन घ्यायला जातो. तिथल्या जुन्या, गुलाबीसर कोशू द्राक्षांची पांढरी वाइन ते वडिलांच्या पद्धतीने करतात, चहाच्या कपातून देतात आणि दर वाक्यामागे "हो ना?" म्हणतात.

यंदा माझ्यासमोरच टोकियोच्या एका हॉटेलवाल्याने घोट घेऊन सगळ्या बाटल्या मागितल्या. आजोबा म्हणाले, "यंदा पाऊस फार झाला, हो ना? वाइन पातळ आहे. शेजारणीची चांगली उतरलीय." आणि त्याला तिच्या दारापर्यंत सोडून आले.

"आजोबा, गिऱ्हाईक घालवलंत," मी म्हणालो.

"त्याचे पाहुणे कोशू पहिल्यांदाच पिणार," ते कप विसळत म्हणाले. "त्यांना वाटेल, कोशू अशी पातळच असते. हो ना?"