माझ्या वजनाचा कडता

माणसाने स्वतःचं वजन करायला गुळाच्या अडतीत जाऊ नये.

हे मला कोणीही आधी सांगितलं नाही! पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. इंदापूर तालुक्यात नवा साखर कारखाना निघाला होता आणि तिथली कारकुनी माझ्या हातात आल्यातच जमा होती. डॉक्टरांचा दाखला तेवढा राहिला होता. त्यांच्या भिंतीवर तक्ता होता, कोणत्या उंचीला किती वजन. कमी भरला तो रोगट, जास्त भरला तोही रोगट! माझ्या साडेपाच फुटांना निदान साठ शेर हवे होते.

"आमचा काटा अजून आलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "बाजारातून वजनाची चिठ्ठी आणा. मग मी उंची मोजतो."

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बैलगाडीत घातलं आणि लासुर्ण्याहून थेट बारामतीला आपल्या नेहमीच्या अडतीत नेलं. गेनू मापाड्यानं मला तागडीत बसवलं.

"एकसष्ट शेर!"

माझा जीव भांड्यात पडला.

"कडता दोन शेर. ल्ह्या, एकुणसाठ!"

(कडता म्हणजे ढेपेचं फडकं, ओल वगैरेंच्या नावाखाली मापाडी वजनातून कापतो तो भाग.)

"अरं, मी काय गुळाची ढेप हाय?" मी ओरडलो.

"तागडीत बसला त्यो माल. बाजाराची रीतच हाय."

आबा खवळले. जन्मभर कडत्यावरून भांडलेला माणूस! वाटलं, आता माझी बाजू घेणार.

"गेन्या, दोन शेर कशापायी? माल कोरडाठाक हाय. एक शेर काप!"

(माल! पोटच्या पोराला!)

गेनू ऐकेना. मी तणतणत हौदावर गेलो, तांब्यावर तांब्या पाणी ढोसलं आणि पुन्हा तागडीत बसलो.

"त्रेसष्ट शेर!" गेनूनं माझ्या भिजलेल्या मिशांकडे पाहिलं. "माल वला झालाय. कडता चार शेर. एकुणसाठच!"

आणि अडतीच्या मुनिमानं चिठ्ठीवर चक्क लिहिलं: 'नग एक. प्रत मध्यम.' मध्यम!

परतताना आबांना युक्ती सुचली. "वजन वाढंना व्हय? मग उंची कमी कर की! बुटक्याला वजन कमी लागतं."

रागाच्या भरात मलाही ते पटलं. डॉक्टरांपुढे मी धोतराच्या आत गुडघे वाकवून उभा राहिलो.

"आनिक वाईच," आबा कुजबुजले. मी आणखी वाकलो.

"चार फूट दहा इंच," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं बोट तक्त्यावरून फिरलं आणि थांबलं. "या उंचीला एकोणसाठ शेर फार झाले. तुम्ही लठ्ठ आहात. दाखला देता येणार नाही."

"लठ्ठ? मी?" संताप असा उसळला की मी ताडकन सरळ झालो. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत आठ इंच वाढलो!

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि दाराकडे बोट दाखवलं. नोकरी गेली.

गावात शिरताच जो तो विचारू लागला, "आबा, काय झालं पोराच्या नोकरीचं?"

आबा छाती फुगवून सांगत होते, "न्हाय घेतलं. पोरगं अंगानं लईच भरलंय म्हनं!"

आणि मी मागून, बरगड्या उपरण्यानं झाकत, जमेल तेवढं पोट पुढे काढून चाललो होतो.