डबा वाजला आणि घोडी नाचली

मंडळी, आज मंगळवेढ्यात माझ्या मित्राकडं, दत्ताकडं गेलो होतो. तो वरातीला घोडी भाड्यानं देतो. लग्नसराई संपली म्हणून त्यानं तिचा हरभरा बंद करून नुसता वाळका कडबा टाकलेला. बरगड्या, कमरेची हाडं सगळी वर आलेली. मी कुठं शिकलो नाही, पण घोडं मला कळतं.

"दत्ता, उपाशी हाय ही."

"तू कवा डाक्टर झालास रं? ही बघ की!"

त्यानं पत्र्याचा डबा हलगीसारखा बडवला. घोडी पुढचे पाय आळीपाळीनं उचलून नाचायला लागली आणि गुडघ्यांवर कोसळली.

"नखरे करती," म्हणून तो हसला. डबा चालूच. पडल्यापडल्या ती ठेक्यावर मान हलवत होती.

मी तिथूनच पोलिसांना तक्रारीचा फोन लावला. मैत्री संपली.

तुमच्या घरच्या वरातीत घोडीची झूल उचलून कुणी खाली बघितलं होतं का?